गावाचाही वाढीचा तक्ता हवा : माणदेशातल्या सरपंचांना खुलं पत्र

माणदेशातल्या सर्व सरपंचांना, उपसरपंचांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी अंगणवाडी सेविका आहे. या कामाला 24 वर्षं झाली. माझ्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका गावापुरतं नाही.

काही महिन्यांपूर्वी ऐन दुपारी, मुलांना खाऊ वाढत असताना ग्रामपंचायतीत माहिती भरणाऱ्या पोराचा फोन आला. ‘ताई, पंचायत विकास निर्देशांकाची माहिती भरायचीय, आज शेवटची तारीख. कमी वजनाची मुलं किती?’ मी सांगितलं, सात. पलीकडून जरा वेळ काही आवाज नाही. मग तो पोरगा म्हणाला, ‘मागच्या खेपेला चार होती. सात टाकली तर आपलं गाव खाली जाईल. चारच ठेवू का?’

मी सातच सांगितली. पुढे काय भरलं गेलं ते मला कळलं नाही, कारण भरलेला तक्ता मला आजवर दिसलेला नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. अख्ख्या गावाची माहिती एका खुर्चीत बसून, एका दिवसात, फोनवर गोळा करायला त्याला सांगितलं होतं. माझं म्हणणं तुमच्यापाशी आहे. तुमच्या गावाला या निर्देशांकात किती गुण पडले, हे तुमच्या ग्रामसभेत कुणी वाचून दाखवलं का?

हा निर्देशांक वाईट नाही, हे आधी सांगते. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने शाश्वत विकासाची 17 जागतिक ध्येयं घेतली आणि गावाला कळतील असे 9 विषय केले. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, असे. पहिल्या फेरीत त्यात 435 निर्देशक होते. 2022-23 च्या माहितीवरचा पहिला निकाल एप्रिल 2025 मध्ये आला. देशभरातल्या 2,16,285 ग्रामपंचायतींची माहिती त्यात पडताळून घेतली होती. 90 च्या वर गुण मिळवणारी एकही पंचायत निघाली नाही. 75 च्या वर फक्त 699. आणि सगळ्यात मोठा गठ्ठा, 1,32,392 पंचायतींचा, 40 ते 60 गुणांमध्ये. म्हणजे देश म्हणून आपण कुठे आहोत ते दिल्लीला कळलं. आपण कुठे आहोत ते आपल्या गावाला कळलं का, एवढंच मला विचारायचं आहे.

मोजणं म्हणजे काय, हे मी लेकरांच्या वजनावरून शिकले. काटा आधी शून्यावर आणायचा. लेकराचं स्वेटर, पायातले वाळे, चप्पल काढायची. झोळीत बसवलं की ते रडतं, आईचा पदर धरतं, काटा नाचत राहतो. घाई करायची नाही. लेकरू एक श्वास शांत झालं की आकडा वाचायचा आणि आईला ऐकू जाईल असा मोठ्यानं बोलायचा. साडेनऊ किलो. आता हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दहा महिन्यांच्या बाळाचं वजन साडेनऊ असेल तर छान, तीन वर्षांच्या मुलाचं असेल तर धोका. म्हणून तो तक्त्यावर टिंबानं मांडायचा आणि मागच्या महिन्याच्या टिंबाशी जोडायचा. रेघ वर चढते आहे, सपाट झाली आहे की खाली आली आहे, ते बघायचं. मूल हिरव्या पट्ट्यात असलं, पण दोन महिने रेघ सपाट असली, तरी आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जातो. आणि तो तक्ता आईच्या कार्डावर असतो. माझ्या वहीतली नोंद वर जाते, कार्ड आईकडे राहतं. ज्या आईनं रेघ पडताना स्वतः बघितली, ती दुसऱ्या दिवशी डाळीत तेल घालते. नुसतं ‘तुमचं मूल कमी वजनाचं आहे’ असं सांगितलं तर ती रागावते.

गावाचं कार्ड मात्र गावाकडे नाही. आपण वर्षाला नाना तक्ते भरतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’चा आराखडा, माझी वसुंधरा, स्वच्छतेची स्पर्धा, निर्देशांक. प्रत्येक तक्त्याचं तोंड तालुक्याकडे. जैवविविधता नोंदवहीचं आठवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी 2020 अखेरची मुदत घातली, पुढे महिन्याला 10 लाख रुपयांच्या दंडाची तंबी दिली, आणि ठिकठिकाणी नोंदवह्या घाईघाईनं तयार झाल्या. कायदा 2002 चा, हेतू इतका चांगला, की गावानं आपली झाडं, गवतं, बियाणं, पाखरं, जाणत्या माणसांचं ज्ञान लिहून ठेवावं. आमच्या मेंढपाळ म्हाताऱ्यांना कोणतं गवत कोणत्या पावसाला येतं ते तोंडपाठ आहे. त्यांना कुणी विचारायला आलं नाही.

आता पाण्याचं बोलते, कारण माणदेशात सगळं तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळ वर्षी त्याहून कमी. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 हजार लिटर पाणी पडलं. दीड हजार हेक्टरच्या गावावर पाचशे मिलिमीटर पडला, तर 750 कोटी लिटर. दोन हजार वस्तीला जलजीवन मिशनच्या हिशोबानं माणशी रोज 55 लिटर दिलं, तर वर्षाला लागतं सुमारे 4 कोटी लिटर. हे मी पहिल्यांदा वहीवर मांडलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. मग टँकर का येतो?

कारण पडलेलं पाणी राहत नाही. काही उडून जातं, काही ओढ्यानं वाहून माणगंगेला मिळतं, आणि आपल्या काळ्या पाषाणात साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच मुरतं. म्हणजे 75 कोटी लिटर धरू. आता दुसरी बाजू. एका एकर उसाला वर्षाला ढोबळ 80 लाख ते 1 कोटी लिटर पाणी लागतं. पावसाचं आणि ठिबकचं वजा केलं तर आकडा कमी होतो, पण हिशोबाचा रोख तोच राहतो. चार-पाच एकर ऊस अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. आणि 75 ते 95 एकर ऊस गावाच्या जमिनीत मुरलेलं सगळंच पाणी पितो. गावाची जमीन 3,700 एकर, त्यातले शंभर एकरसुद्धा नाहीत. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी जिथं पोचलं तिथं मागोमाग ऊसही पोचला. आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, लांबली की तोच ऊस विहिरीवर आणि बोअरवर येतो. मी कुणाचा ऊस उपटा म्हणत नाही. ज्यानं लावला त्याची पोरं माझ्याच अंगणवाडीत आहेत. पण ऊस लावण्याआधी हा हिशोब गावाच्या भिंतीवर असता, तर निदान लावणारा आणि न लावणारा दोघांनी तो बघितला असता.

आमचे सासरे विहिरीची खोली परसात सांगायचे, परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची. चार परसावर पाणी, सहा परसावर पाणी. विहिरीत डोकावलं की कळायचं. आता बोअर. चारशे फूट, सहाशे फूट, आठशे फूट. बोअरमध्ये डोकावता येत नाही. पाणी किती खाली गेलं ते गाडीवाल्याच्या बिलावरून कळतं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केली आहे. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आणि शेततळं. ओढ्याचं, पावसाचं पाणी साठवणारं शेततळं चांगलंच. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात बोअरचं पाणी उपसून भरायचं, म्हणजे जमिनीत सावलीला असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. तक्त्यात नुसती तळी मोजली, तर दोन्ही ‘जलसंधारणाची कामं’च ठरतात. एकानं पाणी वाढलं, दुसऱ्यानं घटलं, आणि गुण मात्र दोन्हींना सारखे.

म्हणून मला म्हणायचं आहे की कुठलाच आकडा एकटा सोडू नका. आमच्या भावकीतलं एक घर आहे. डाळिंबाला दर लागला त्या वर्षी घरावर स्लॅब पडला, दारात ट्रॅक्टर आला. पैशाच्या तक्त्यात ते घर वर गेलं. त्याच वर्षी त्यांनी तीन बोअर मारले, दोन कोरडे गेले. त्याच वर्षी मेंढरं विकली, कारण राखायला माणूस उरला नाही. आणि त्याच वर्षी थोरल्या मुलीचं दहावीनंतर लग्न झालं. बागेत तेल्या रोग आला तेव्हा ट्रॅक्टरचे हप्ते थकले आणि धाकटा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला परमुलखात गेला. आता सांगा, हे घर पुढं गेलं का मागं? पैसा, पाणी आणि माणसं या तिन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या असत्या तर ते घरही थांबून विचार करू शकलं असतं. गावाचंही तेच.

पैसा मोजणं सगळ्यात अवघड, कारण कुणी खरं सांगत नाही, आणि का सांगावं? पण घरटी उत्पन्न विचारायची गरजच नाही. बारा महिने गावातल्या कामावर पोट भरणारी घरं किती, एवढं मोजा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला कुलूप लावून जाणारी घरं किती, ते माझ्या हजेरीपटावर दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझ्याकडची मुलं एकाएकी कमी होतात. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती झाली ते तुमच्या नमुना 9 मध्ये, म्हणजे कराच्या नोंदवहीत आहेच. पंधराव्या वित्त आयोगानं पंचायतींना दिलेल्या पैशांतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. या बंधित निधीतून टाकी झाली, पाइप झाले. पण पाणीपट्टी गोळा होत नाही त्या गावात मोटार जळली की तीन-तीन आठवडे नळ कोरडे राहतात. टाकी किती लिटरची, हे फॉर्म विचारतो. नळ वर्षात किती दिवस बंद होता, हे मोजणारी बाई घरात असते.

कर्जाचं आम्ही एकदा करून बघितलं. बचत गटाच्या बैठकीत आतल्या खोलीत एक मडकं ठेवलं, तोंडाला फडकं बांधून, हात जाईल एवढी फट ठेवून. शेजारी चिंचोके. एकेकीनं आत जायचं. या वर्षी दवाखान्यासाठी व्याजानं पैसे काढावे लागले असतील तर एक चिंचोका मडक्यात टाकायचा, नाहीतर तसंच बाहेर यायचं. कुणी टाकला ते कुणाला कळत नाही. सगळ्या आत जाऊन आल्यावर मडकं सतरंजीवर उपडं केलं. किती तरी वेळ कुणी बोललं नाही. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. त्या दिवसानंतर आमच्या गटानं आजारपणाच्या कर्जाचं व्याज कमी केलं. कुठल्या खात्यानं सांगितलं नव्हतं.

माणसांच्या रेघेत मुली सगळ्यात आधी धरा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळजवळ 22 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा राज्याचा आकडा. तुमच्या गावाचा तुम्हाला शाळेच्या पटावरून अर्ध्या तासात काढता येईल. दहावीला किती मुली बसल्या आणि दोन वर्षांनी बारावीला किती.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांची रेघ वेगळी काढा. सरासरी काढली की ते त्यात बुडून जातात. आपल्या माणदेशाला हे नव्यानं सांगायला नको. आटपाडीची पाणी परिषद आणि 1993 पासूनची पाणी संघर्ष चळवळ आपलीच. नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर आपली आई-वडिलांची पिढी कृष्णेच्या पाण्यासाठी रस्त्यावर बसली, तेव्हा मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. पाणी जमिनीला नव्हे, कुटुंबाला. भूमिहीनालाही वाटा. पाणी आलं. वाटा कुणाला किती पोचला, हे मोजायला मात्र आपण विसरलो.

गाव मोजणं काही नवीन नाही. 1917 साली पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घर न् घर पाहणी प्रसिद्ध केली. 1771 मध्ये तिथं सरासरी 40 एकरांची धारणा होती, ती 1915 पर्यंत 7 एकरांवर आली, हे त्यातून कळलं. जुनी दप्तरं होती म्हणून दीडशे वर्षांची रेघ काढता आली. आज त्या गावात उंच इमारती आहेत. फरक एवढाच, की ते मोजमाप गावाबाहेरच्या विद्वानानं केलं आणि गावाबाहेरच्या लोकांनी वाचलं.

हिवरे बाजारनं ते गावात आणलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासूनची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो, सहलीही काढल्या. पण आपण तिथले बंधारे बघून आलो, वही बघून आलो नाही. तिथं पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. ऊस-केळीला बंदी आणि सिंचनासाठी बोअर नाही, हे नियम लोकांनी पाळले, कारण हिशोब त्यांच्यासमोर झालेला होता. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखानं 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्यामागे गावाच्या अभ्यासगटांची कित्येक वर्षांची बैठक होती. आधी अभ्यास, मग सर्वसहमती, मग निर्णय.

माझं मागणं मोठं नाही. निर्देशांकाचे सगळे निर्देशक भरायचे ते भरा, ते काम सुटणार नाही. पण त्यातले किंवा त्याबाहेरचे दहा-बारा आकडे गावानं स्वतः निवडावेत आणि दर वर्षी तेच, त्याच दिवशी, तसेच मोजावेत. विहिरी दरवर्षी त्याच घ्या. ओढ्याकाठची एक, माळावरची एक, वाडीवस्तीवरची एक. भूजल सर्वेक्षणवाले वर्षातून चार वेळा त्यांच्या निरीक्षण विहिरी मोजतात, आपण पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात दोनदा मोजली तरी पुरे. मोजताना शाळेची मुलं बरोबर घ्या. महिलांचे आकडे महिला ग्रामसभेत काढा, कारण भर ग्रामसभेत बायका बोलत नाहीत हे तुम्हीही जाणता. आणि हे आकडे कागदावर वर पाठवण्याआधी भिंतीवर लिहा, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी. पुसायचे नाहीत. दहा वर्षांनी तिथं दहा आकडे असावेत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. वाईट आकडा आणणाऱ्याला बोलू नका. कामाला लागून दोन-अडीच वर्षं झाली असतील, तेव्हा बैठकीत बोलणी बसतील या भीतीनं मी एका मुलाचं वजन चारशे ग्रॅम जास्त लिहिलं. काटा हलत होता, अशी मनाची समजूत घातली. पुढच्या महिन्यात त्याला हगवण लागली आणि त्याला तालुक्याला दाखल करावं लागलं. ते जगलं, आज कमावतं आहे, दिसलं की ‘बाई’ म्हणून हाक मारतं. पण तो महिनाभर त्याच्याकडे जास्तीचा आहार गेला नाही, कारण माझ्या वहीत ते ठीक होतं. त्यानंतर मी आकडा कधी सजवला नाही. तुमच्या गावात खरा आकडा सांगणाऱ्याला गावाची बदनामी केली म्हणून गप्प केलं, तर पुढच्या वर्षी सगळे चारच सांगतील.

तुम्ही म्हणाल, ताई, आधीच कामं कमी आहेत का? खरं आहे. मीही दिवसभर मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरवर बोटं झिजवते. पण वर पाठवायच्या माहितीसाठी जितका वेळ जातो त्याचा दहावा हिस्सा गावासाठी काढा. माणसं मिळतील. आशाताई, शिक्षक, जलसुरक्षक, बचत गटाच्या बायका, सुट्टीला आलेली कॉलेजची पोरं. ज्यांनी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी पहाटे उठून चर खोदले ती माणसं अजून गावात आहेत. दोरी सोडून आकडा लिहायला त्याहून कमी घाम लागतो.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ येईल तेव्हा विषयपत्रिकेत हा एक विषय घ्या. आमच्या गटानं सुरुवात म्हणून एक दोरी तयार केली आहे. तीस मीटरची, टोकाला दगड, दर मीटरला लाल चिंधी, दर पाचव्या मीटरला पांढरी. अंगणवाडीची पूर्वेकडची भिंत रिकामी आहे, ग्रामसभेला जाताना सगळे तिच्यावरूनच जातात. तिला पांढरा रंग देऊन ठेवला आहे. आमच्या सरपंचताईंनी तारीख सांगितली की पहिली विहीर मोजायला मी आणि माझी मुलं येतो. तुमच्या गावातली भिंत कोणती, ते तुम्ही ठरवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
माणदेश